गॉगलच्या आतला चष्मा

खेळण्यातल्या बंदुकीने माणूस आंधळा होऊ शकतो, यावर तुमचा विश्वास बसतो का?

माझा बसत नव्हता. बीदरच्या बसस्टँडजवळच्या चष्म्याच्या दुकानात मी सात वर्षं नंबर काढायचं काम करते आहे आणि त्यातली पहिली काही वर्षं मला वाटायचं, की डोळ्यांचे शत्रू म्हणजे मोतीबिंदू, साखरेचा आजार आणि वेल्डिंगची ठिणगी. माझे वडील साखर कारखान्यात कामगार होते. मंठाळच्या आमच्या घरात पुस्तकं नव्हती, युनियनची पत्रकं होती. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. पत्रकात मुद्दा पहिल्या ओळीत येतो, म्हणून माझाही आधीच सांगते. माझ्या हातून एक चूक झाली, ती सुधारताना मी एका माणसाचं गुपित भर मैदानात फोडलं आणि आजही त्या दोन्हींचा हिशेब मला जुळवता आलेला नाही.

दुकान खाजाभाईंचं. वय साठीच्या पुढे, मिशा मेंदीने रंगवलेल्या. काच घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ते स्वतःच करायचे, मागच्या खोलीत, पाणी सोडून फिरवायच्या घासणीच्या चाकावर. मी पुढे बसायचे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर तपासणीची जाड फ्रेम चढवायची, एकेक भिंग बदलत विचारायचं, "आता बरं का आधी?" मग नंबर एका पाकिटावर लिहायचा, त्यात फ्रेम टाकायची आणि पाकीट मागे सरकवायचं. खाजाभाई पाकिटावर जे असेल ते करायचे. जे नसेल ते विचारायचे नाहीत.

आणि पाकिटावर भिंग कशाचं हे लिहिलेलं नसलं, की ते काचेचंच घालायचे. हा दुकानाचा कायदा होता. बीदरच्या सगळ्याच दुकानांचा होता म्हणा ना. आमची जमीन जांभ्याची, हवेत बारा महिने लाल धूळ. माणसं चष्मा पुसणार धोतराच्या सोग्याने नाहीतर पदराने. हलकं प्लास्टिकचं भिंग, ज्याला सगळे फायबर म्हणतात, त्यावर दोन महिन्यांत ओरखडे उठायचे आणि गिऱ्हाईक भांडायला यायचं. काचेला धुळीचं काही होत नाही. म्हणून राजेश्वरपासून औरादपर्यंतच्या गावांतले लोक दुकानात शिरतानाच म्हणायचे, "पक्की काच घाला." काच घासण्याला पक्की असते. मार लागला की तिचे सुरीसारखे तुकडे होतात, हे कोणी विचारत नव्हतं, आणि आम्हीही सांगत नव्हतो.

छर्ऱ्यांचा खेळ मला पहिल्यांदा कळला तो एका बँकेतल्या कारकुनामुळे. तो पोहायचा गॉगल घेऊन आला आणि म्हणाला, "यात नंबर घालून द्या."

"कुठं पोहता?"

"खाणीत."

"खाणीत पाणी कुठं हाय?"

"पाणी न्हाई अक्का, छर्रे हाईत."

हैदराबादला नोकरीला गेलेली आमच्याकडची पोरं तिथून हा खेळ घेऊन आली होती. एअरसॉफ्ट त्याचं नाव. हुबेहूब खरी दिसणारी बंदूक, तिच्यातून हवेच्या जोराने प्लास्टिकचा गोल छर्रा सुटतो, तुरीच्या दाण्याएवढा. दोन गट करायचे, ज्याला छर्रा लागला तो हात वर करून बाहेर. शहराबाहेर एक बंद पडलेली जांभ्याची खाण आहे. दगड कापून नेलेल्या तिच्या चौकोनी खड्ड्यांत दर रविवारी सकाळी हा खेळ चालायचा. अंगाला लागला तर गांधीलमाशी चावल्यासारखा डाग उठतो. डोळ्याला लागला तर बुबुळ फुटतं. म्हणून डोळ्यावर जाड गॉगल हवाच, हा त्यांचाही नियम होता.

अडचण चष्मेवाल्यांची. चष्म्यावरून मोठा गॉगल चढवला, तर पळताना घामाने आणि श्वासाने आतल्या आत वाफ धरते. पाच मिनिटांत समोर दूध सांडल्यासारखं होतं. मग पोरगं काय करतं? गॉगल वर करून पुसतं, तेही छर्रे सुटत असताना. साधा चष्मा घालून खेळावं, तर बाजू उघड्या आणि भिंग काचेचं. डोळ्यात बसवायची लेन्स घालावी आणि वर गॉगल, हा शहरात चांगला उपाय आहे, पण आमच्या धुळीत नाही. एका पॉलिटेक्निकच्या पोराने खाणीत लेन्स टोचायला लागली म्हणून लाल हातांनीच ती काढली आणि आठवडाभर डोळ्याला पट्टी लावून फिरला. बँकेच्या कारकुनाला मी सांगितलं, की तुमचा पोहायचा गॉगल पाण्यासाठी आहे, त्याला छर्रा सोसायचा नाही. तो नाराज होऊन गेला.

उरतो तो उपाय मला आवडायचा, कारण त्यात कारागिरी होती. मजबूत गॉगल घ्यायचा आणि त्याच्या आत नाकाच्या खोबणीत अडकेल अशी छोटी फ्रेम बसवायची. त्या फ्रेममध्ये नंबरची भिंगं. बाहेरचा गॉगल मार झेलतो, आतला चष्मा दाखवतो. भिंगं मात्र पॉलिकार्बोनेटची हवीत, म्हणजे तडकली तरी तुकडे न उडणाऱ्या प्लास्टिकची. ती बीदरला मिळत नव्हती. हैदराबादहून बसने मागवावी लागत. अशा सहा-सात फ्रेमा मी करून दिल्या. खाणीतली पोरं मला ओळखायला लागली. मला त्याचा थोडा तोराही चढला होता, खोटं कशाला बोलू.

नागेश राजेश्वर गावचा. हैदराबादच्या एका कॉल सेंटरमध्ये नोकरी, शनिवारी घरी यायचा. आला तेव्हा सोबत त्याची आई होती. मी त्याचा डावा डोळा तपासला, साडेपाचचं उणे भिंग लावताच तो तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचू लागला. मग डावा झाकून उजवा तपासला. भिंगं बदलत राहिले. कितीही चढवलं, तरी त्याला फक्त सगळ्यात वरचं मोठं अक्षर दिसायचं, तेही अंदाजाने.

लहानपणी एका डोळ्याचा नंबर फार जास्त असेल आणि वेळेवर चष्मा मिळाला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे बघणंच सोडून देतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. बाहेरून काही कळत नाही. डोळा सुंदर असतो, हलतो, हसतो. फक्त बघत नाही.

"हे कुटं बोलू नकोस पोरी," त्याची आई माझ्या जवळ सरकून म्हणाली. "सोयरीक जुळायलीय. पोरगी भालकीकडची हाय. चष्म्याचं त्यांना ठाव हाय. ह्याचं न्हाई."

"आणि खेळ? एकाच डोळ्यावर तू छर्ऱ्यांत जायलास?" मी नागेशला विचारलं.

तो हसला. "पोरीचा भाऊ गिरीश हाय ना, त्योच खेळ भरवतो. त्यानं बोलावलं. न्हाई म्हणलं तर कामून म्हणून इचारंल. काय सांगू?"

म्हणजे लपवलेला डोळाच त्याला खाणीत ओढून नेत होता. मला राग आला. मी म्हणाले, "सांगून टाक. डोळा काय चोरून आणलायस का?"

"तुमच्या घरात सोयरीक मोडली का कधी?" आईने शांतपणे विचारलं.

एक डोळा असलेल्या माणसाला काच कधीच द्यायची नाही, रोजच्या चष्म्यातसुद्धा नाही. हैदराबादला सहा महिन्यांच्या कोर्समध्ये हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी त्याला सांगितलं, भिंगं आल्याशिवाय खेळायचं नाही. तोही व्हय म्हणाला. हैदराबादला ऑर्डर लावली. पाकिटावर दोन्ही डोळ्यांचे नंबर लिहिले, गॉगलमधली फ्रेम टाकली आणि पाकीट खणात ठेवलं. भिंगं आली की त्यात घालून मागे द्यायचं, असं ठरवून.

भिंग कशाचं, ते लिहिलं नाही. तो एक शब्द.

शनिवारी मी लवकर घरी गेले होते. नागेश बसमधून उतरून सरळ दुकानात आला. खाजाभाईंनी खण उघडला, पाकीट काढलं, वाचलं, चाक फिरवलं.

रविवारी सकाळी मी दुकान उघडून टपाल लावत होते. शुक्रवारच्या बसने आलेल्या खोक्यात एक पुडी न फोडलेली. वर चिकटवलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात, उणे साडेपाच. मी खण उघडला. पाकीट नव्हतं.

"खाजाभाई, नागेशचं गॉगलवालं पाकीट?"

"ले गया ना कल शाम कू. आज खेल है बोला."

"त्यात काय बसवलं?"

"कांच." त्यांनी चाकावरून मान वर केली. "तू कुछ लिखीच नै बेटी."

मी नागेशला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. खेळताना सगळ्यांचे फोन एका पिशवीत जमा असतात, हे मला ठाऊक होतं, तरी तिसऱ्यांदा लावला. मग ती पुडी पर्समध्ये टाकली आणि मोपेड काढली. पुडीचा त्या क्षणी काडीचा उपयोग नव्हता, पण हातात काहीतरी असायला हवं होतं.

खाणीपर्यंत जायला वीस मिनिटं लागतात. वाटेत मी स्वतःशी वाद घालत होते. बाहेरचा गॉगल मजबूत आहे, छर्रा काचेपर्यंत पोचणारच नाही. पोचणार नाही, पण तो पडला तर? दगडावर तोंड आपटलं तर? गॉगल वर करून पुसायला लागला तर? प्रत्येक 'तर'ला पुढे एकच डोळा उभा होता.

पोचले तेव्हा खेळ सुरू झाला होता. काठावर एका मोठ्या दगडावर गळ्यात शिट्टी अडकवून गिरीश उभा होता. तिशीचा, कपड्यांचं दुकान चालवणारा, बोलायला गोड माणूस. खाली खड्ड्यांतून फटफट आवाज येत होते, जोंधळा लाह्यांसारखा फुटावा तसे.

"गिरीशअण्णा, खेळ थांबवा."

"कामून? कुणाला लागलंय का?"

"न्हाई. नागेशच्या गॉगलमध्ये चुकून काचेचं भिंग गेलंय. माझी चूक हाय."

"वरून गॉगल हाय की अक्का." त्याने स्वतःच्या चष्म्यावर टिचकी मारली. "माझी बी काचच हाय. अर्ध्या पोरांची काचच असंल. पंधरा मिनिटांत डाव संपतोय, मंग काढू."

"आत्ता काढा."

"शिट्टी फकस्त कुणाला जखम झाली तरच वाजते. न्हाईतर दर दोन मिनिटाला कुणीतरी बुटाची नाडी बांधायला डाव थांबवतंय. नियम हाय."

तो बरोबर बोलत होता. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर तो पूर्ण बरोबर होता. मी खाली पाहिलं. नागेश दिसला. एका कापलेल्या दगडाआड गुडघ्यावर बसलेला. त्याची उजवी बाजू उघडी होती, अर्थातच, कारण उजवीकडून येणारं त्याला दिसतच नव्हतं, आणि तिकडून दोघं वाकून सरकत होते. मी हाक मारली. आवाजात ती विरून गेली. मग त्याने एक हात वर नेला, गॉगलच्या कडेला अंगठा घातला आणि पुसण्यासाठी तो कपाळावर चढवू लागला.

"त्याला एकच डोळा हाय," मी म्हणाले. "उजव्यानं त्याला दिसत न्हाई. शिट्टी वाजवा."

गिरीशने माझ्याकडे पाहिलं. अर्धा क्षण. त्या अर्ध्या क्षणात त्याला सगळं समजलं हे मला दिसलं आणि त्याच क्षणी त्याने शिट्टी फुंकली, लांब, छातीतला सगळा वारा संपेपर्यंत. यासाठी मी त्या माणसाचा आजही मान राखते.

आवाज थांबले. पोरं उभी राहिली. नागेश वर चढून आला, आधी मला पाहिलं, मग गिरीशला. कोणी काही बोलायच्या आत त्याला कळलं होतं.

"अक्का," एवढंच तो म्हणाला.

मी गॉगल मागितला. हातात घेऊन उजेडाकडे धरला. वाफ जावी म्हणून त्याने गॉगलच्या वरच्या कडेला तापलेल्या दाभणाने भोकं पाडली होती, दोन्ही बाजूंना पाच-पाच. ज्या एका गोष्टीवर भरवसा ठेवायचा, तीच त्याने चाळणी केली होती.

"भोकांनं काय हुतंय?" एक पोरगं म्हणालं. "अक्का उगंच भीती घालायलीय."

गिरीशने गॉगल दगडावर टेकवून ठेवला, पंधरा पावलं मोजली आणि बंदूक उचलली. पहिला छर्रा मधोमध बसला. गॉगलला ओरखडासुद्धा नाही. दुसरा. तिसरा. काही नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी आयुष्यात पहिल्यांदाच, एखादी वस्तू फुटावी म्हणून मनातल्या मनात विनवत होते आणि त्याची मला लाज वाटत होती. चौथ्यालाही काही झालं नाही. पाचवा वरच्या कडेला भोकांपाशी लागला. टक् असा कोरडा आवाज आला, भोकाभोकांतून तडा गेला, गॉगलचा कपचा आत घुसला आणि आतल्या काचेचे तुकडे दगडावर सांडले.

उजव्या बाजूच्या.

नागेशने वाकून एक तुकडा उचलला, बोटावर धरला. "हा तर तसाबी गेलेलाच व्हता," तो म्हणाला.

"हे आमाला आदी कामून सांगितलं न्हाई?" गिरीशने त्याला विचारलं. आवाज चढलेला नव्हता. नागेशने फोनच्या पिशवीतून आपला फोन काढला आणि खाणीच्या रस्त्याने चालू लागला. मी मोपेडवर बस म्हणाले. तो बसला नाही.

पंधरा दिवसांत सोयरीक मोडली. मुलीकडचे सगळ्यांना सांगत होते, की डोळ्याचं काही नाही हो, लपवलं याचं वाईट वाटलं. मला विचाराल तर आधी सांगितलं असतं, तर त्यांनी चहासुद्धा घेतला नसता. डोळा अधू असला की नकार आणि लपवला की फसवणूक. दोन्ही दारं बंद करून घ्यायची आणि वर विचारायचं, की तू खिडकीतून का आलास? पोटच्या पोराला चष्मा लावला तर लोक नावं ठेवतील म्हणून त्याला सातव्या वर्षापर्यंत तपासायला न आणणारेही हेच लोक, आणि मग लग्नाच्या बाजारात त्याच डोळ्याची परीक्षा घेणारेही हेच. यात माझीही जात आली, माझंही घर आलं.

पण हा सगळा संताप मला नागेशच्या आईसमोर काढता आला नाही. ती एका दुपारी दुकानात आली. बसली नाही. म्हणाली, "तुझी चूक पाकिटावर व्हती पोरी. भरली माझ्या लेकानं." आणि गेली. खाजाभाई मागच्या खोलीतून सगळं ऐकत होते. त्यांनी चाक बंद केलं, पुढे आले, टेबलावरची सगळी कोरी पाकिटं उचलली आणि प्रत्येकावर शिसपेन्सिलीने एक जादा रेघ ओढली. भिंग कशाचं ते लिहायची रेघ. "ये खाली रही तो मैं हाथ नै लगाता," म्हणाले. चाळीस वर्षांचा कायदा त्यांनी पाच मिनिटांत बदलला. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी त्या दिवशी बरोबर केलं की चूक? शिट्टी वाजली नसती तर काय झालं असतं, कोणालाच ठाऊक नाही. कदाचित काहीच नाही. चार छर्ऱ्यांनी काही झालं नव्हतं. वेळ परत आली तर मी पुन्हा तेच म्हणेन, याबद्दल मला शंका नाही. पण तो शब्द पाकिटावर लिहिला असता, तर मला तोंडाने काहीच बोलावं लागलं नसतं, याबद्दलही नाही.

गेल्या वर्षी नागेश पुन्हा आला, एकटाच. कॉल सेंटर सोडून तो आता बीदरलाच एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. त्याने स्वतःच पाकीट ओढून घेतलं आणि रेघेवर लिहिलं, पॉलिकार्बोनेट. मग म्हणाला, "कामाला लागलो त्याच दिवशी मालकाला सांगितलं, मला एकच डोळा हाय, उजवीकडून कुणी यायलं तर हाक मारा. त्यानं मशीनच फिरवून भिंतीला लावून दिलं. बास, एवढंच व्हतं."

मी नंबर काढला. तो शेवटची ओळ वाचत होता, आधीसारखीच घडाघडा. चष्मा घालून उठताना म्हणाला, "तू सांगितलंस ह्याचा राग न्हाई अक्का. मी सांगायच्या आदी सांगितलंस, ह्याचा हाय."

हे ऐकल्यापासून मी बीदर, बसवकल्याण, आळंदच्या माणसांना दुकानात जे सांगते, तेच इथे वाचणाऱ्याला सांगते. तुमच्या घरात एका डोळ्याने बघणारं कोणी असेल, तर ते तुम्हाला ठाऊक आहे आणि बाहेर कोणाला ठाऊक नाही. या आठवड्यात त्याच्याजवळ बसा. तो जिथे काम करतो किंवा खेळतो, तिथल्या माणसाकडे त्याच्यासोबत जा. तुम्ही बोलू नका. तो बोलेल. तुम्ही फक्त त्याच्या न दिसणाऱ्या बाजूला उभे रहा.